एक दशांश मिलिमीटरचा हिशेब : जुन्या येझदीच्या क्रँकला शिम बसवताना



दरवर्षी जुलैमध्ये अकरावीची पहिली प्रात्यक्षिके सुरू होतात आणि व्हर्निअर कॅलिपर कपाटातून बाहेर येतो. मुले लाकडी ठोकळा मोजतात, पोकळ नळीचा आतला व्यास मोजतात, जर्नल भरतात. आपण सही करतो. खरे सांगायचे तर गेली कितीतरी वर्षे मी सही करताना आकड्यांकडे नीट पाहतच नव्हतो. चाळीस जर्नलांत एकच उत्तर, तेही शेवटच्या दशांशापर्यंत तंतोतंत सारखे. म्हणजे एकाने मोजले आणि एकोणचाळीस जणांनी उतरवले. मला हे कळत होते. चालतेय म्हणून चालू दिले.

गेल्या पावसाळ्यात एका मुलाने विचारले, "सर, एवढं बारीक मोजून करायचं काय?" मी परीक्षेचे नेहमीचे उत्तर दिले. त्याचे खरे उत्तर आमच्याच पडवीत ताडपत्रीखाली पडून होते. ते मला मागाहून सुचले. हा लेख त्याबद्दल आहे.

पडवीतली गाडी म्हणजे माझ्या बाबांची येझदी. बाबा प्राथमिक शिक्षक होते. कणकवलीपासून शाळेपर्यंतचा रस्ता त्यांनी या गाडीवर वर्षानुवर्षे केला. नवीन वाचकांसाठी थोडे सांगतो. 'जावा' हे नाव यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांची सुरुवात जोडून झाले, १९२९ साली, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात. त्याच गाडीचा परवाना घेऊन म्हैसूरला 'आयडियल जावा' हा कारखाना निघाला आणि १९६१ पासून तिथे गाड्या बनू लागल्या. सत्तरच्या दशकात तिचे नाव 'येझदी' झाले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. अडीचशे सीसीचे, टू स्ट्रोक, एका सिलिंडरचे आणि दोन सायलेन्सरचे इंजिन. सिलिंडरचा व्यास ६५ मिमी, पिस्टनची धाव ७५ मिमी. वृत्तचितीचे घनफळ शिकवताना हे आकडे द्या. उत्तर २४९ घन सेंटिमीटरच्या जवळ येते आणि 'अडीचशे सीसी' कुठून आले ते मुलांना एकदम समजते.

आमची गाडी चार पावसाळे उभी होती. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हवेतच इतके पाणी असते की उघड्यावर ठेवलेला नवा खिळासुद्धा आठवड्यात तांबूस होतो. इंजिन जाम झाले होते.

पहिला प्रयत्न, जो फसला

दोन वर्षांपूर्वी मी ती एका गॅरेजमध्ये दिली. गॅरेजचे नाव सांगत नाही, कारण अर्धी चूक माझीच होती. बाबांच्या वाढदिवसापर्यंत गाडी हवी म्हणून मी मागे लागलो होतो. क्रँक कोल्हापूरला पाठवून नवा कनेक्टिंग रॉड आणि नवी पिन दाबून आणली. बेअरिंगे नवी घातली. इंजिन जोडताना मात्र जुन्या शिमा होत्या तशाच परत घातल्या. कोणी काही मोजले नाही, आणि मीही विचारले नाही.

गाडी सुरू झाली. बाबा अंगणात उभे राहून ऐकत होते. मी फोंड्यापर्यंत छान गेलो. घाट सुरू झाल्यावर खालून बारीक किणकिण येऊ लागली, मग ओढ कमी झाली आणि एका वळणावर इंजिन बंद पडले. किक खाली जाईना. टेम्पोत घालून गाडी घरी आणली. बाबा काही बोलले नाहीत. त्यानंतर मात्र "गाडीचं काय झालं?" हे विचारणे त्यांनी बंद केले.

इंजिन पुन्हा उघडले तेव्हा बेअरिंगने सगळे सांगितले. बेअरिंगच्या कड्यात गोळ्या धावतात ती खाच असते. गोळ्यांच्या धावण्याचा चकचकीत पट्टा खाचेच्या मधोमध हवा. आमच्या बेअरिंगात तो एका कडेला सरकला होता आणि तिथले पोलाद निळसर पडले होते. पोलाद निळे पडणे म्हणजे ते बेसुमार तापले. आणि पट्टा कडेला म्हणजे गोळ्यांवर आडवा दाब होता. शाफ्टला दोन्ही बाजूंनी कोणीतरी चिमटीत धरून ठेवले होते.

शिम म्हणजे काय, आणि मोकळीक कशाला?

शिलाई मशीनचे पायडल आठवा. पाय वर-खाली होतो आणि चाक गोल फिरते. इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि क्रँकशाफ्ट गोल फिरतो. हा शाफ्ट ॲल्युमिनियमच्या पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये असतो. पेटी उभी चिरल्यासारखी डाव्या-उजव्या दोन भागांची असते. दोन्ही भागांत बेअरिंगे बसवलेली असतात आणि शाफ्टची दोन टोके त्यांतून बाहेर येतात.

आता विहिरीवरची कप्पी आठवा. कप्पीचे चाक दोन फळ्यांच्या मध्ये असते. फळ्या घट्ट आवळल्या तर चाक फिरत नाही. फार सैल ठेवल्या तर चाक डुगडुगते आणि दोरी चाक नि फळीच्या फटीत जाऊन अडकते. ज्यांनी पाणी काढले आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही. क्रँकचेही तसेच. त्याला डावी-उजवीकडे किंचित सरकायला जागा हवी. गॅरेजमध्ये तिला 'प्ले' म्हणतात. जागा कमी असली तर आमच्यासारखे होते. जास्त असली तर वेगळेच त्रास. येझदीत क्रँकच्या उजव्या टोकाला डायनॅमो आणि पॉइंट असतात, तेव्हा शाफ्ट डुगडुगला की पॉइंटची फट बदलते आणि ठिणगी वेळेवर पडत नाही. डावीकडच्या चेनचे चाक रेषेत राहत नाही. ऑइल सीलची ओठी झिजते, आणि टू स्ट्रोक इंजिनात पेटी हवाबंद नसली की मिश्रणच बिघडते.

ही जागा नेमकी करण्यासाठी शाफ्टचा खांदा आणि बेअरिंग यांच्या मध्ये पोलादाची पातळ कडी घालतात. तीच शिम. ०.१, ०.२, ०.३, ०.५ मिमी अशा जाडीत मिळते. ०.१ मिमी म्हणजे किती, हे मुलांना दाखवायला साधे झेरॉक्सचे कागद घ्या. पाचशे कागदांचा गठ्ठा साधारण ५० मिमी भरतो, म्हणजे एक कागद ०.१ मिमी. आमचे इंजिन घाटात बंद पडले ते दोन कागदांएवढी मोकळीक नसल्यामुळे.

सगळ्याच इंजिनांत शिम एकाच जागी नसते. काहींत बेअरिंगच्या मागे, केसच्या खोबणीत असते. मी सांगतोय ती रीत शाफ्ट बेअरिंगच्या आतल्या कड्यात ठोकून घट्ट न बसवता हाताच्या जोराने सरकून बसतो त्या जुळणीची आहे. मोकळीक किती ठेवायची तो आकडा त्या-त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतो, तोच घ्यावा. खालचे आकडे आमच्या एका इंजिनाचे आहेत, ते उतरवून घेऊ नका!

तापल्यावर काय होते

हा भाग वर्गात सर्वात रंगला. पेटी ॲल्युमिनियमची, शाफ्ट पोलादाचा. एक अंश सेल्सिअस तापमान वाढले की ॲल्युमिनियम आपल्या लांबीच्या दशलक्षांश २३ पट वाढते, पोलाद साधारण ११.५ पट. म्हणजे ॲल्युमिनियम दुप्पट फुगते.

गणित सोपे व्हावे म्हणून १०० मिमी रुंदी धरू. दोन्ही ८० अंशांनी तापले तर पेटी ०.१८४ मिमी वाढेल आणि शाफ्ट ०.०९२ मिमी. म्हणजे मोकळीक ०.०९२ मिमीने वाढली. आमच्या शाफ्टची रुंदी याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून वाढही निम्मी, अंदाजे ०.०५.

इथे एका मुलीने हात वर केला. "सर, तापल्यावर फट वाढणारच असेल तर थंड असताना शून्य ठेवली तरी चालेल की!" प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि मला लगेच उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी दिले. दोन्ही एकाच वेळी तापत नाहीत. गाडी सुरू झाल्यावर क्रँक आत, जाळाच्या जवळ. पेटीला मात्र बाहेरून वारा लागतो. समजा शाफ्ट ६० अंशांनी तापला आणि पेटी अजून २० नेच. १०० मिमीला शाफ्ट ०.०६९ वाढला, पेटी ०.०४६. म्हणजे पहिल्या काही मिनिटांत फट ०.०२३ ने *कमी* झाली. पुढे पेटीही तापते आणि फट उघडते. पण सुरुवातीलाच जागा नसेल तर गोळ्या चेपल्या जातात, चेपल्या की घर्षणाने आणखी तापतात, तापल्या की आणखी फुगतात. ती पुढची वेळ येतच नाही. (तापमाने मी उदाहरणासाठी घेतली आहेत, इंजिनात थर्मामीटर घातला नव्हता.)

शाळेतला व्हर्निअर इथे का चालत नाही

मार्चमध्ये परीक्षा संपल्यावर आम्ही इंजिन प्रयोगशाळेत नेले. हात लावायला पंधरा मुले, आणि बरोबर आमच्या भागातले एक जुने मेस्त्री. त्यांनी आयुष्यभर जावा आणि बुलेट उघडल्या आहेत.

हिशेब वजाबाकीचा. डाव्या केसमध्ये, जोडाच्या पृष्ठापासून बेअरिंगच्या आतल्या कड्यापर्यंतची खोली मोजायची. तशीच उजवीकडची. मध्ये कागदी गॅस्केट येते, तिची दाबल्यावरची जाडी मिळवायची. आणि या बेरजेतून शाफ्टची खांद्यापासून खांद्यापर्यंतची रुंदी वजा करायची. उरते ती एकूण रिकामी जागा.

आमचे आकडे असे आले : डावी खोली २७.३६, उजवी २६.९२, गॅस्केट ०.२०. बेरीज ५४.४८. शाफ्ट ५३.७०. उरले ०.७८ मिमी. आम्हाला ०.२० च्या आसपास मोकळीक ठेवायची होती, म्हणजे शिमा एकूण ०.५८.

आणि पहिल्या वेळी घातलेल्या जुन्या शिमांची बेरीज? मुलांनी स्क्रू गेजने मोजली. ०.८०. म्हणजे ०.७८ च्या जागेत ०.८० ची पाती कोंबून बोल्ट आवळले होते. नवी पिन दाबताना शाफ्टची रुंदी काही दशांशांनी बदलू शकते. म्हणूनच जुन्या शिमा पुन्हा चालतीलच असे नसते. वर्गात कोणी काही बोलले नाही. मला मात्र घाटातले ते वळण आठवले.

आता गंमत पाहा. शाळेच्या व्हर्निअरचे लघुतम माप, ज्याला सगळे लीस्ट काउंट म्हणतात, ते ०.०१ सेमी. म्हणजे ०.१ मिमी. म्हणजे एका शिमेएवढे! वरच्या हिशेबात चार मापे आहेत. बेरीज असो वा वजाबाकी, चुका मिळवल्याच जातात, हे आपण अकरावीला शिकवतो. प्रत्येक माप ०.१ ने इकडेतिकडे असू शकते, तर उत्तर ०.४ ने चुकू शकते. उत्तर आहे ०.७८ आणि त्यात चूक ०.४. अशा उत्तराचे करायचे काय?

म्हणून मेस्त्रींचा ०.०२ मिमीचा व्हर्निअर घेतला. तरीही चार मापांची चूक मिळून ०.०८. ठेवायची मोकळीक ०.२०, म्हणजे प्रत्यक्षात ती ०.१२ असेल की ०.२८, ते सांगता येत नाही. दोन मोठ्या संख्या वजा करून छोटी संख्या काढली की चूक मोठीच्या मोठी राहते आणि उत्तर मात्र चिमुकले होते. हे मी फळ्यावर वीस वेळा लिहिले असेल. हातात शिम घेऊन पहिल्यांदा समजले.

शाफ्टची रुंदी पाच गटांनी वेगवेगळी मोजली. आकडे आले : ५३.६८, ५३.७०, ५३.७६, ५३.७०, ५३.६८. ५३.७६ वाला गट खजील झाला आणि आकडा खोडायला निघाला. खोडू दिला नाही. पुन्हा पाहिले तर त्यांच्या बाजूच्या खांद्यावर जुन्या सीलंटचा ठिपका राहिला होता. तो खरवडून मोजले, ५३.७० आले. चुकीचा आकडा खोडला असता तर तो ठिपका तसाच आत गेला असता.

मेस्त्रींची रीत

आमचा कागदावरचा हिशेब मेस्त्री शांतपणे बघत होते. मग म्हणाले, "मास्तरांनू, तुम्ही मोजलात ता कागदार लिवन ठेवा. पण हलवन बघल्याशिवाय माका पटाचा नाय."

त्यांची रीत अशी. हिशेबापेक्षा मुद्दाम कमी शिमा घालायच्या. आम्ही दोन्ही बाजूंना ०.२० ची एकेक, म्हणजे एकूण ०.४० घातली. गॅस्केट ठेवून, सीलंट न लावता केस बंद करायची आणि बोल्ट समोरासमोरचे असे थोडे थोडे आवळायचे. मग शाफ्टच्या टोकाला डायल गेजची टोचणी टेकवायची, शाफ्ट एका बाजूला पूर्ण ढकलून शून्य लावायचा, दुसऱ्या बाजूला ओढायचा आणि आकडा वाचायचा. हातोडा नाही, फक्त हाताचा जोर. दर वेळी दोन-तीन फेरे फिरवून घ्यायचे म्हणजे गोळ्या जागेवर बसतात.

इथे एक अडचण आली, ती तुम्हालाही येईल. डायल गेजचा स्टँड लोहचुंबकाचा असतो, आणि ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. स्टँड घसरून पडला. मुलांनीच तोड काढली. लोखंडी पट्टीचा एक तुकडा केसच्या बोल्टखाली धरून आवळला आणि स्टँड त्या पट्टीवर बसवला. टेबलावर ठेवून चालले नसते का? नसते. शाफ्ट ढकलताना सगळी केसच थोडी हलते आणि डायल तेही मोजतो. स्टँड केसलाच धरलेला असला तरच शाफ्ट *केसच्या तुलनेत* किती हलला ते कळते. सापेक्ष गतीचा धडा आयताच मिळाला.

डायलवर आले ०.४४. हिशेबाने यायला हवे होते ०.७८ वजा ०.४०, म्हणजे ०.३८. फरक ०.०६. मुले लगेच विचारू लागली, कोण चुकले? कोणीच नाही. एक तर आमच्या हिशेबात ०.०८ पर्यंत चूक धरलेलीच होती. दुसरे म्हणजे बेअरिंगच्या गोळ्यांना स्वतःची थोडी मोकळीक असते. व्हर्निअरला ती दिसत नाही, पण ढकलल्यावर ती डायलवर येते. इंजिन चालताना शाफ्ट जे हलणार ते डायलवरचेच. त्यामुळे शेवटचा शब्द डायलचा. आणि त्याची चूक? दोन वाचने, ०.०१ ची एकेक, म्हणजे फार तर ०.०२. चार मापांऐवजी एकच फरक थेट मोजला, म्हणून.

डायलच्या हिशेबानेही जुन्या ०.८० च्या शिमांनी जेमतेम ०.०४ मोकळीक ठेवली असती. कसेही मोजा, जागा नव्हतीच.

आता ०.४४ वरून ०.२० च्या जवळ यायचे. ०.२० आणखी घातली तर ०.२४, ०.३० घातली तर ०.१४. मेस्त्रींनी मुलांनाच ठरवायला लावले. बहुतेकांनी ०.२४ म्हटले. कारण विचारल्यावर एक जण म्हणाला, "सर, घाट चढायचाय." ठरले.

डावीकडे किती, उजवीकडे किती

एकूण बरोबर आले म्हणजे झाले असे नाही. कनेक्टिंग रॉड सिलिंडरच्या बरोबर मधोमध यायला हवा, नाही तर पिस्टनच्या आत तो एका बाजूला घासतो. जोडाच्या पृष्ठापासून शाफ्टच्या दोन्ही खांद्यांपर्यंतचे अंतर तपासून शिमा वाटून घालायच्या.

हे कोडे तुमच्या वर्गात घालून पाहा. डावीकडची ०.१ ची शिम काढून उजवीकडे घातली, तर शाफ्ट किती सरकेल आणि मोकळीक किती बदलेल? आमच्याकडे निम्म्यांनी सांगितले, शाफ्ट ०.२ सरकेल. कारण "एकीकडे ०.१ कमी आणि दुसरीकडे ०.१ जास्त." खडूची डबी आणि दोन पुठ्ठे घेऊन करून पाहिल्यावर पटले की शाफ्ट ०.१ च सरकतो आणि मोकळीक मुळीच बदलत नाही. आमचा रॉड मध्यावरच होता, म्हणून ०.१० ची एकेक शिम दोन्ही बाजूंना वाढवली.

शिमेबद्दल आणखी थोडे. 'शून्य पॉइंट एक' म्हणून विकली जाणारी शिम ०.०९ किंवा ०.११ निघू शकते. प्रत्येक शिम स्क्रू गेजने चार ठिकाणी मोजा, आणि आधी गेजची शून्यचूक पाहा. आमच्या एका गेजमध्ये ०.०३ ची शून्यचूक होती आणि ती कित्येक वर्षे कोणाच्या लक्षात आली नव्हती. कित्येक वर्षांचे जर्नल चुकले म्हणायचे! पातळ चार शिमांपेक्षा जाड एक बरी, कारण प्रत्येक थरात तेल आणि कचरा बसतो. आणि कृपा करून पत्र्याच्या डब्यातून कापलेली शिम घालू नका. कात्रीने कापले की कडेला धार उभी राहते, आणि मग मोजलेली जाडी आणि खरी जाडी यांचा काही संबंध उरत नाही.

बेअरिंग बसवणे

बेअरिंगच्या क्रमांकातही एक छोटा धडा आहे. या आकाराच्या मोटारसायकलींत ६३०५ हे बेअरिंग सर्रास दिसते. शेवटच्या दोन अंकांना पाचने गुणा, ०५ गुणिले ५ म्हणजे २५. आतला व्यास २५ मिमी. ६२०५ चा आतला व्यासही २५ च, पण बाहेरचा ५२. ६३०५ चा बाहेरचा ६२, जाडी १७. मुले रस्त्यावरच्या दुकानातल्या खोक्यांवरचे क्रमांक वाचू लागतात, अनुभवाने सांगतो.

६२ मिमीचे बेअरिंग केसमधल्या भोकापेक्षा किंचित मोठे असते. ठोकले तर भोक ओरखडते. म्हणून केस तापवायची. ८० अंशांनी तापवली की ६२ मिमीचे भोक ०.११ मिमीने मोठे होते आणि बेअरिंग स्वतःच्या वजनाने टपकन खाली बसते. मुलांना हा आवाज ऐकवायलाच हवा. शेगडीच्या जाळाने एकाच ठिकाणी तापवायचे नाही, केस वाकडी होते. जुना ओव्हन मिळाला तर उत्तम. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र वाजला की पुरे. बेअरिंग आदल्या रात्री पिशवीत घट्ट बांधून आमच्या फ्रीझरमध्ये, खोवलेल्या खोबऱ्याच्या डब्याशेजारी ठेवले होते. त्यावर घरात जी चर्चा झाली ती इथे देत नाही.

पालकांसाठी सांगतो. तापलेली केस मी आणि मेस्त्रींनीच हाताळली, जाड हातमोजे घालून. मुले दोन हात लांब. भाग धुवायला पेट्रोल नाही, रॉकेल, तेही उघड्या व्हरांड्यात. आणि आपल्या हवेत एक पथ्य : नव्या बेअरिंगला उघड्या बोटाने हात लावला तर तेलाचे बोट लगेच फिरवा. घामाचा ठसा रात्रीत गंजतो.

शेवटी सगळे तेल लावून, सीलंटसकट बंद केले आणि पुन्हा डायल लावला. तीन वाचने घेतली : ०.२४, ०.२३, ०.२४. वहीत तिन्ही लिहिली आहेत.

गाडी मे महिन्यात सुरू झाली. पहिले तीनशे किलोमीटर हळू चालवली, मग उजवे झाकण उघडून परत मोजले. ०.२५. मी अंगणात वाकून वाचत होतो, तेव्हा बाबा मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "किती?" मी सांगितले. त्यांनी चष्मा मागितला आणि स्वतः शाफ्ट ढकलून वाचले. म्हणाले, "पाव मिलिमीटर." मग किल्ली कुठे आहे ते विचारले. घाट नाही, जानवलीच्या पुलापर्यंतच, मी मागे बसून.

उरलेल्या शिमा एका डबीत आहेत, ०.१० पासून ०.५० पर्यंत, प्रत्येकीवर मुलांनी मोजलेली जाडी चिठ्ठीने चिकटवली आहे. स्क्रू गेजच्या प्रात्यक्षिकाला ठोकळ्याऐवजी कोणाला हव्या असतील तर कळवा. चिठ्ठ्या काढून पाठवतो.